आलेख सरळ आहे, मान्य. पण तो कशावर काढलाय?

नमस्कार,

खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प (लॅपटॉप आणि हेडफोन यांच्या मधे लावायचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर) लावला की लॅपटॉपच्या जॅकपेक्षा आवाज मोकळा वाटतो, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखाला तुम्ही एवढं सविस्तर आणि तिखट उत्तर दिलंत, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सटकणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. लॅपटॉपच्या जॅकचा फ्रीक्वेन्सी आलेख (कुठला सूर किती जोरात येतो ते दाखवणारी रेघ) सरळ, अ‍ॅम्पचाही सरळ, म्हणजे मला जाणवलेला फरक मनाचा खेळ. आवाज किंचित वाढला की सगळंच छान वाटतं, मी त्यालाच भुललो. आणि ‘पडदा बाजूला सरकला’, ‘मंच रुंद झाला’ (म्हणजे वाद्यं पसरून वाजताहेत असं वाटलं) ही परीक्षणाची भाषा नव्हे.

आवाजाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिन्हींत तो वजनदार आहे. मोठा आवाज चांगला वाटतो, हे खरंच. शिवाय आवाज कमी असताना कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच याचे वक्र मांडले होते. त्यामुळे दोन यंत्रांचा आवाज जुळवल्याशिवाय केलेली तुलना मीही वाचत नाही. जुळवणी मी मल्टिमीटरने केली होती. दोन्हीकडचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणलं, म्हणजे फरक 0.1 डेसिबलपेक्षाही कमी. इथे एक खाचखळगा आहे. इयरफोन जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजायला हवं. उघड्या जॅकवर मोजून जुळवलं आणि मग इयरफोन खुपसला, तर जुळवणी तिथेच मोडते. सूरही मधल्या पट्टीतला, काही शे हर्ट्झचा घ्यावा. साधे मल्टिमीटर त्याच्या फार वर भरवशाचे राहत नाहीत.

आता आलेख. तुम्ही ज्याचा दाखला देता तो बहुतेक वेळा उघड्या जॅकवर किंवा रेझिस्टर लावून काढलेला असतो. रेझिस्टरचा विरोध सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखाच, म्हणून रेघ सरळ येणारच. कानात मात्र रेझिस्टर कुणी घालत नाही. मी वापरलेल्या इयरफोनमध्ये एकापेक्षा जास्त बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे इवलेसे भाग) आणि त्यांच्यात सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर आहे. अशा इयरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, फ्रीक्वेन्सीनुसार जागोजागी बदलतो. माझ्याकडच्या जोडीचा मधल्या पट्टीत 40 ओहमच्या आसपास आहे आणि वरच्या पट्टीत 8 ओहमपर्यंत उतरतो.

लॅपटॉपच्या जॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा विरोध, कुणालाही घरी काढता येतो. जॅक उघडा असताना मला 500 मिलीव्होल्ट मिळाले, 33 ओहमचा रेझिस्टर लावल्यावर 384. हिशेब केला की साधारण 10 ओहम येतात. आता हे 10 ओहम आणि इयरफोन यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. जिथे इयरफोन 40 ओहमचा, तिथे सुमारे 2 डेसिबल वाया जातात; जिथे 8 ओहमचा, तिथे तब्बल 7. म्हणजे वरची पट्टी मधल्या पट्टीच्या तुलनेत 5 डेसिबलने खाली बसते. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओहम आहे, तिथे हाच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. तंबोऱ्याची जवारी आणि झांजांची शेपूट अचानक ऐकू आली, त्याचं कारण हे. वरच्या पट्टीतला 5 डेसिबलचा बदल ओळखायला सोनेरी कान लागत नाहीत. तेव्हा ज्या पडद्याची तुम्ही थट्टा केलीत, तो खराच होता आणि 10 ओहमचा होता.

यात अ‍ॅम्पचं कौतुक फारसं नाही, हेही सांगतो. त्याने आवाजात काही घातलं नाही, फक्त इयरफोनच्या वाटेत आला नाही. स्वस्तातल्या स्वस्त डाँगलचा (यूएसबीत खुपसायच्या हेडफोन जॅकचा) आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आत असेल, तर तोही हेच काम करील. आणि 10 ओहम म्हणजे काही गुन्हा नव्हे. 1996 च्या आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या जॅकसाठी 120 ओहम सुचवले होते, आणि जुन्या रिसीव्हरमध्ये तर स्पीकरच्याच आउटपुटला शेकडो ओहमचे रेझिस्टर लावून हेडफोनचा जॅक काढलेला असे. त्या काळच्या जास्त इम्पीडन्सच्या हेडफोनना ते चालून जायचं.

म्हणूनच मूळ लेखात मी दुसरी जोडीही घेतली होती, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सेनहायझर एचडी 600 नावापुरता 300 ओहमचा आहे, खर्जात तो 500 च्या आसपास चढतो. लॅपटॉपच्या 10 ओहमने तिथे पडणारा फरक जेमतेम 0.1 डेसिबल. घरातल्या माणसाला मला न सांगता तारा बदलायला लावल्या, तर इयरफोनवर मी दर वेळी ओळखलं, या हेडफोनवर मध्यम आवाजाला अजिबात नाही. तेव्हा या हेडफोनवर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. अपवाद एकच. मुळातच हळू ध्वनिमुद्रण झालेलं, चढउतार मोठे असलेलं संगीत लावलं की लॅपटॉपचा आवाज संपतो आणि ऐकावंसं वाटतं त्याच्या अलीकडेच थांबावं लागतं. अ‍ॅम्पकडे दुप्पट व्होल्टेज आहे, म्हणजे 6 डेसिबल जास्त. पण ती सोय झाली, गुणवत्ता नव्हे.

‘मंच रुंद झाला’ या वाक्यावर मात्र मी फार ताणणार नाही. वरची पट्टी मोकळी झाली की जागेचा भास वाढतो, असं मला वाटतं. दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असेल तर डावीकडचं थोडं उजवीकडे झिरपतं हेही खरं. 16 ओहमचा इयरफोन आणि सामाईक तारेत अर्धा ओहम धरला, तरी ही झिरप 30 डेसिबल खाली असते. एवढ्यावर मंचाची रुंदी ठरते असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. छाप म्हणून लिहिलं होतं, छाप म्हणूनच वाचा.

उलट, आलेखात न दिसणारे या अ‍ॅम्पचे दोष तुमच्या नजरेतून सुटले याचं मला नवल वाटलं. आवाजाची चकती अगदी सुरुवातीला असताना डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही, गाणारा डावीकडे कलतो. लहान आकाराच्या पोटेन्शिओमीटरचं (चकतीखालच्या फिरत्या रेझिस्टरचं) हे जुनं दुखणं आहे आणि मोजणी सहसा चकती बरीच पुढे फिरवून होत असल्याने ते कागदावर येत नाही. संवेदनशील इयरफोनला तर नेमकी तीच सुरुवातीची जागा लागते. वर गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्तवर ठेवला की मागची सूऽऽ शांत जागी स्पष्ट ऐकू येते. गेन कमीवर, लॅपटॉपचा आवाज थोडा खाली आणि चकती मधोमध, असं ठेवलं की पहिलं दुखणं जातं आणि दुसरं बरंच दबतं.

‘आधी चांगला हेडफोन घ्या, अ‍ॅम्प नंतर’ हा तुमचा सल्ला मी आजही कुणालाही देईन. फक्त तुम्ही कशावर ऐकून ‘काहीच फरक नाही’ म्हणालात ते कळवा. एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा (साध्या स्पीकरसारखा) इयरफोन किंवा प्लेनर (सपाट पडद्याचा) हेडफोन असेल, तर त्याचा इम्पीडन्स जवळपास सपाट असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग तुमच्या जागी बसून मलाही फरक ऐकू आला नसता.