गुंठाभर शहाणपण

बेळगावात जागा घ्यायची असेल तर ती मार्च-एप्रिलमध्येच बघायला जा. तेव्हा शिवार कोरडे ठणठणीत असते. एजंट गाडीतून उतरतो, बुटाची टाच जमिनीवर आपटून दाखवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, कातळ आहे कातळ." तुम्हीही एकदा टाच आपटा आणि मान हलवा. शहापूर-वडगावच्या काळ्या शिवारात कातळ कुठून आला, हे विचारून त्या बिचाऱ्याचा हिरमोड करू नका. जुलैत मात्र चुकूनही फिरकू नका. जुलैत तिथे बळ्ळारी नाला असतो.

नाला तसा बाराही महिने तिथेच असतो. पण एरवी जलपर्णीने झाकलेला असल्यामुळे नवख्याला तो हिरवळ वाटतो, आणि माहितीपत्रकात त्याची नोंद 'ग्रीन बेल्ट' अशी होते. पाऊस लागला की त्याला जुनी वहिवाट आठवते. मग भात पाण्याखाली, रोप कुजले, दुबार लावणी, निवेदन, पाहणी दौरा, पुन्हा पाऊस. याला कंटाळलेला शेतकरी शेवटी गुंठे पाडतो. त्याच्या आजोबांना ही जमीन १९७४ च्या कूळ कायद्याने मिळालेली असते. लवादापुढे हेलपाटे घालून त्यांनी ती नावावर करून घेतली, आणि नातू ती तीस बाय चाळीसच्या मापात मोजून देतो. याच मातीतल्या बासमतीचा वास गल्लीभर सुटायचा, असे घरातली म्हातारी माणसे सांगतात. व्यवहाराच्या दिवशी त्यांना घरीच बसवलेले असते.

शेतकऱ्याबद्दल फार हळहळू नका. तुम्हालाही शेतकरी होता येते. पूर्वी कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला ७९-अ आणि ७९-ब ही कलमे आडवी यायची. २०२० मध्ये ती काढून टाकली. तेव्हापासून डॉक्टर, वकील, कंत्राटदार सगळेच शेतकरी झाले आहेत. मूळचा शेतकरी तेवढा त्यांच्या फार्महाऊसवर वॉचमन आहे.

आता जाहिरात कशी वाचायची ते बघू. 'विमानतळापासून दहा मिनिटे' म्हणजे विमानाने. 'सुवर्णसौधच्या सान्निध्यात' असे असेल तर भाव जास्त द्यावा लागेल. ती इमारत हलग्याच्या माळावर २०१२ मध्ये उभी राहिली. तिथे वर्षातून एकदा, हिवाळ्यात, विधिमंडळ भरते आणि आठ-दहा दिवसांत उठते. ते आठ-दहा दिवस शहरात लॉजची खोली मिळत नाही, रस्तोरस्ती पोलिस आणि आंदोलकांचे मांडव असतात. उरलेले साडेअकरा महिने तिथे फक्त जमिनीचे भाव वावरत असतात. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले तेव्हा चौरस फूट वाढला. २०२५ मध्ये बेंगळुरूची वंदे भारत सुरू झाली तेव्हाही वाढला. रेल्वे पकडून लोक बेंगळुरूला जाणार की तिथून इथे राहायला येणार, याचा खुलासा कोणी मागितला नाही. 'राजहंसगड व्ह्यू' हीसुद्धा चालणारी ओळ आहे. गड येळ्ळूरच्या कुठूनही दिसतो, त्यामुळे खोटे म्हणता येत नाही. त्या गडावरच्या शिवपुतळ्याचे २०२३ च्या मार्चमध्ये चार दिवसांत दोनदा अनावरण झाले. तुमच्या लेआउटचे भूमिपूजन एकदाच झाले असेल, तर मागे कोणी पुढारी नाही असे समजून जपून राहा.

पुढारी दोन्ही भाषांतले असलेले बरे. एक इंचही जमीन देणार नाही, असे इथे दोन्ही बाजू गेली कित्येक दशके सांगत आहेत, आणि दोघेही शब्दाला जागतात. इंचाने कोणी देत नाही, गुंठ्याने देतात. लेआउटमध्ये एक पार्टनर मराठी आणि एक कन्नड असेल तर डोळे झाकून इसार द्या. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एक काळ्या दिनाच्या सायकल फेरीत असतो, दुसरा राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. २ तारखेला दोघे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत एकाच बाकड्यावर चहा पीत असतात. सीमाभागातला खरा भाषिक सलोखा बघायचा असेल तर तिथे जाऊन बसा. दर कमी करायला सांगा, दोघे एका सुरात नाही म्हणतील.

कागदपत्रांची फार काळजी करू नका. पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, कन्नडमध्ये असते, तुम्हाला ती वाचता येत नाही, त्यामुळे अर्धी काळजी तिथेच मिटते. तरी एवढे ध्यानात ठेवा की ९ नंबरच्या रकान्यात मालकाचे नाव असते आणि ११ नंबरच्या रकान्यात बोजा. एजंट कागद धरतो तेव्हा त्याचे बोट ९ वर असते आणि तळहात ११ वर. हात उचला म्हणणे असभ्यपणाचे दिसते. सोसायटीचे कर्ज, बँकेचे पीककर्ज, कोर्टातला दावा, हे सगळे त्या तळहाताखाली सुखाने नांदत असते.

खरी मेख असते ती बहिणीत. भाऊ चार असोत की सहा, सगळे सहीला तयार असतात. पण कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राने दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच असतो असे सांगून उरलीसुरली पळवाटही बुजवली. तेव्हापासून बहिणींच्या सासरी जाणाऱ्या बेळगाव-चंदगड रस्त्यावरची रविवारची वर्दळ वाढली असावी असा माझा अंदाज आहे. एक भाऊ गाडी चालवतो, दुसऱ्याच्या मांडीवर कुंद्याचा डबा, तिसऱ्याकडे साडीची पिशवी, आणि मागच्या सीटवर एजंट. तुम्हीही जा. इसार तुमचा अडकला आहे, आणि असा नाट्यप्रवेश तिकीट काढूनही मिळत नाही.

"आक्का, हितं एक सही कर फक्त."

"कशाला रे?"

"काय न्हाई गं. कायद्यात नवीन आलंय."

"माझ्या लग्नात पाच तोळे घालतो म्हणून तीन घातलासा, ते बी आलंय काय कायद्यात?"

यावर मधला भाऊ छताकडे बघतो. आक्का साडीची घडी उलगडते, काठ बघते, परत घालते. कुंदा नातवंडांना वाटून टाकते, कारण कुंद्याने कोणी मिंधे होत नाही. मग दाजी बाहेरून येतात, काहीच माहीत नसल्यासारखे बसतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "कोपऱ्यावरचा प्लॉट कुणाला दिलासा ओ?" सरकारी मोजणीदाराला जे जमले नाही ते दाजींनी घरबसल्या केलेले असते. साडीवर सुरू झालेली बोलणी संध्याकाळपर्यंत एका गुंठ्यावर थांबतात. लेआउटच्या नकाशात एखादा प्लॉट विनाकारण तिरका दिसला तर तो आक्काचा समजा, आणि त्याच्या शेजारी घर घ्या. त्या प्लॉटच्या कडेचा रस्ता कधी अडणार नाही.

बाकीच्या कायद्यांनी दबून जाण्याचे कारण नाही. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर रेराची, म्हणजे बिल्डरांना वेसण घालणाऱ्या कायद्याची, नोंदणी लागत नाही. म्हणून आपल्याकडे आठ फ्लॅटच्या इमारती इतक्या उगवतात. शेजारी दुसरी आठाची, तिच्या पलीकडे तिसरी, तिन्हींचा बिल्डर एक, तिन्हींचा पाण्याचा प्रश्नही एकच. एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, झालेले नसेल तर एजंट सांगेल, 'होतंय.' हा अपूर्ण वर्तमानकाळ आहे आणि तो बराच काळ टिकतो. अनधिकृत जागांना बी-खाता, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत दुय्यम जागा, देण्याची मोहीम सरकारने २०२५ मध्ये काढली. बांधकामे नियमित करणारी अक्रम-सक्रम योजना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली. सीमाप्रश्नाचा दावा त्याच न्यायालयात २००४ पासून आहे. बेळगावचे एवढे काही दिल्लीत पडून आहे की एखादा गुंठा तिकडेच घेऊन ठेवलेला बरा.

पैसे देताना गाइडन्स व्हॅल्यूचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, मान राखा. चेक तेवढ्याचाच, बाकीचे पिशवीत. २०२५ च्या ऑगस्टअखेर नोंदणी शुल्क १ टक्क्याचे २ टक्के झाले, तेव्हा कचेरीच्या आवारात सरकारच्या हावरटपणाबद्दल जेवढे बोलले गेले त्यातले निम्मे बोलणारे पिशव्या सांभाळत उभे होते.

आता बांधायला घ्या. विटा खानापूरच्या घ्या, त्यांच्यात खोट काढता येत नाही. खोट जमिनीत असते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वर तुमचे दुमजली घर आले म्हणून ती आपली सवय सोडत नाही. पहिल्या वर्षी हॉलच्या भिंतीत दाराच्या चौकटीपासून छताकडे तिरकी रेघ उमटेल. गवंड्याला बोलवा. तो नखाने रेघ खरवडेल, नखातली भुकटी फुंकून टाकेल आणि म्हणेल, "हेअर क्रॅक आहे ओ. पुट्टी मारली की झालं." दुसऱ्या वर्षी त्या रेघेत नाणे बसते. तेव्हा त्याचा फोन लागत नाही. तिसऱ्या वर्षी वास्तुतज्ज्ञ येतो आणि दोष ईशान्येला सापडतो. पायाभरणीत चार पैसे जास्त घातले असते तर ईशान्य शांत राहिली असती, पण ते पैसे तुम्ही गेटवरच्या सिंहांना घातलेले असतात.

नकाशात चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली असते ती मंजुरीपुरती. मंजुरी मिळाली की पहिल्या बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, तिसरीकडे भाड्याची खोली, आणि चौथी बाजू शेजाऱ्याने आधीच घेतलेली असते. गाडी आत चढवायला गटारीवर सिमेंटचा उतार करा आणि तो रस्त्यात जेवढा रेटता येईल तेवढा रेटा. गटार तुंबली तर ती महापालिकेची, उतार तुमचा. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पूर्णत्वाचा दाखला असल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. हे ऐकून खचू नका. वास्तुशांतीला पुढारी बोलवा. बोलता बोलता तात्पुरत्या मीटरचा विषय निघतो.

आणि एक. शेतातून बायपास जाणार असेल तर शेतकऱ्यांच्या बाजूने कळवळून बोला. हलगा-मच्छे बायपाससाठी २०२१ मध्ये पोलिस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रे घातली गेली, बायाबापड्या आडव्या पडल्या, ते तुम्ही मोबाइलवर बघितले आणि पुढे पाठवलेही. चांगले केले. पण बायपासच्या कडेला कोणते सर्व्हे नंबर येतात याची चौकशी त्याच आठवड्यात सुरू झाली होती. ती तुम्हीही करून घ्यायला हवी होती. आता तिथला भाव परवडायचा नाही.

शेवटी जुलै येतोच. रात्री अकराला गल्लीतले कुत्रे पायरीवर येऊन बसेल, मग पाणी येईल, मग नगरसेवकाचा फोन बंद लागेल. घाबरू नका, हाच संघटित होण्याचा क्षण. सकाळी गुडघाभर पाण्यात फोटो काढा, संध्याकाळी देवळात बैठक घ्या आणि नागरिक कृती समिती स्थापन करा. अध्यक्ष एजंटालाच करा, त्याला सगळ्यांचे नंबर पाठ असतात. नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांची भाते अजून आहेत ते शेतकरीही बैठकीला येतील आणि मागे उभे राहतील. त्यांना बोलायला देऊ नका, ते फार जुने सांगत बसतात. दुसऱ्या दिवशी मोर्चा काढून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या. मागणी एकच ठेवा: बळ्ळारी नाल्यावरील अतिक्रमणे तातडीने हटवावीत. निवेदन कन्नड आणि मराठी दोन्हींत असावे, सह्या शंभरावर असाव्यात, आणि खाली पत्ता लिहिताना सर्व्हे नंबर तेवढा गाळावा.