कोयना आटली म्हणे!

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. भेगाळलेली जमीन, मधोमध मेलेला मासा आणि वर लाल अक्षरात ‘कोयना आटली! सांगलीकरांनो, जागे व्हा!’ आमच्याकडं दोन दिवस पाणी नव्हतं ते सोसायटीची मोटर जळाली म्हणून. पण ग्रुपवर एकच रडारड. एकानं तर लिहिलं, ‘आपलं लातूर झालं.’

अहो, 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आपल्याच मिरजेतून. विसरलात?

कोयना धरणात 105 टीएमसी (म्हणजे 105 अब्ज घनफूट) पाणी मावतं. उन्हाळ्यात ते खाली जाणारच. जूनला धरण भरलेलंच असेल तर पाऊस ठेवायचा कुठं? वीज तयार करायला वर्षाला 67.5 टीएमसी पलीकडं कोकणात उतरतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. हीच मंडळी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 30 फूट झालं की ‘सांगली बुडाली’ म्हणून व्हिडिओ फिरवतात. इशारा पातळी 40, धोका 45, पण बघतंय कोण! (2019 ला 57 फुटांवर गेलं, तेव्हा ओरडणारे खरे ठरले. मान्य. पुढं.)

माझी आत्ती जत तालुक्याच्या पूर्व भागात राहते. 2013 च्या मे महिन्यात तिच्याकडं गेलो होतो. विहिरीत टँकर सोडायचा आणि बायकांनी शेंदायचं. गेल्या गेल्या मी शहरी थाटात तांब्या घेऊन पायांवर भडाभडा ओतायला लागलो. आत्ती काही बोलली नाही. घमेलं आणून माझ्या पायाखाली सरकवलं. ते पाणी संध्याकाळी म्हशीपुढं गेलं. माझ्या पायाचं पाणी! टँकरचा सरकारी हिशेब माणशी 20 लिटर. एवढं तर आमच्या ग्रुपवाल्यांचं शॉवर गरम होईपर्यंत वाहून जातं.

म्हणून चीड येते. दुष्काळ हा शब्द ज्यांच्या मालकीचा आहे त्यांच्याकडून उसना घेऊन तुम्ही मोटरीच्या बिघाडाला चिकटवता. उद्या जत-आटपाडीतनं कुणी खरंच बोंबललं तर लोक म्हणणार, हे नेहमीचंच.

आता एक सांगतो, म्हणजे तुम्ही मलाच धराल. त्याच मुक्कामात ग्रामसेवक आला, तर आत्ती त्याला खुशाल म्हणाली, ‘आठ दिस झालं टँकर न्हाई.’ टँकर परवाच आलेला, मी स्वतः बघितलेला! तो गेल्यावर मी हसलो, तर म्हणाली, ‘खरं सांगितलं तर त्यो पुढच्या आठवड्यात ईल. आठ म्हटलं की उद्या येतोय.’

आला की दुसऱ्या दिवशी.

तिला खोटारडी म्हणायची माझी छाती नाही. ग्रुपवाल्यांना म्हणायची आहे. हा भेदभाव आहे, असू दे.

रात्री तिला फोन लावतो. यंदा काय परिस्थिती विचारतो. सांगेल त्यातले चार-पाच दिवस वजा करून ऐकायचं, एवढं कळतं मला.