१२ व्होल्टवरचा ट्यूब लूप वाजतो, पण कामाला येत नाही

ठाणे ते पनवेल गिटारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सांगणं असं: कुठल्याही ट्यूब अ‍ॅम्पला एक १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पमधली छोटी ट्यूब), दोन जॅक आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडा, इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या आतून सिग्नल पेडलकडे नेऊन परत आणणारी वाट) तयार, आवाज बदलत नाही, शॉकची भीती नाही. यातली एक ट्यूब पुरते हे खरं. तिच्यात दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र स्टेज असतात, एक सेंडला (पेडलकडे जाणारा सिग्नल), एक रिटर्नला (परत येणारा). बाकीचं तपासून घेऊ.

कुठल्याही अ‍ॅम्पला? डिस्टॉर्शन प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागात होत असेल, तरच त्याच्या मागे डिले-रिव्हर्ब लावण्यात अर्थ. कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) अगदी खाली ठेवून वाजवणाऱ्याला लूपचा फायदा नक्की होतो. मास्टर नसलेला जुन्या घडणीचा अ‍ॅम्प मात्र पॉवर ट्यूब ताणल्यावर फाटतो. तिथे लूपमधला डिलेही फाटूनच बाहेर येणार. चासीला भोकं पाडू नका.

१२ व्होल्ट पुरतात? ट्रायोडच्या प्लेटला (सप्लायकडच्या टोकाला) १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर १२ व्होल्टवर ०.१२ मिलिअँपपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. ३०० व्होल्टवर हीच स्टेज साधारण १.१ मिलिअँपवर चालते. उपाशी ट्यूब वाजते, पण लवकर क्लिप होते, म्हणजे सिग्नलची टोकं कापते. आणि लूपकडून आपल्याला स्वच्छपणाच हवा असतो. सप्लाय अ‍ॅम्पमधूनच घ्या: प्रीअ‍ॅम्पच्या ३०० व्होल्टच्या आसपासच्या नोडवरून १० किलोओहम, १ वॉट, आणि पुढे २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. दोन्ही ट्रायोड मिळून अडीच मिलिअँपच्या आत घेतात, म्हणजे २५ व्होल्टच्या आसपास पडतात. खरा भार हिटरचा (ट्यूब तापवणाऱ्या तारेचा): ६.३ व्होल्टला आणखी ३०० मिलिअँप. दोन ईएल३४ पॉवर ट्यूब आणि तीन १२एएक्स७ आधीच ३.९ अँप खातात. ट्रान्सफॉर्मरच्या त्या वाइंडिंगला ४.२ अँप झेपतात का, हे आधी बघा.

आवाज बदलत नाही? मेसेजमधल्या जोडणीत इथेच सगळं बिघडतं. टोन स्टॅकनंतर (बास-ट्रेबल नॉबांच्या सर्किटनंतर) सिग्नल सहज २० व्होल्ट पीक-टू-पीक असू शकतो, आणि ९ व्होल्टच्या पेडलला तो पेलवत नाही. म्हणून सेंडच्या आधी ३३० किलोओहम सिरीजमध्ये आणि १० किलोओहम ग्राउंडला लावून सिग्नल ३४ पट कमी करा. रिटर्नच्या ट्रायोडला प्लेटवर १०० किलोओहम, कॅथोडला (ग्राउंडकडच्या टोकाला) १.५ किलोओहम द्या आणि कॅथोडवर बायपास कपॅसिटर लावू नका. गेन तिशीच्या आसपास येतो आणि हिशेब जुळतो. बायपास लावलात तर गेन साठीला जातो, सोबत हिसही.

सेंड प्लेटवरून काढू नका. प्लेटचा आउटपुट इम्पीडन्स सुमारे ३८ किलोओहम. गडकरी रंगायतनच्या मंचावर पेडलबोर्डपर्यंत ६ मीटर केबल टाकली, मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर ७ किलोहर्ट्झपासून ट्रेबल उतरू लागतो. त्याऐवजी सेंड कॅथोडवरून काढा: या जोडणीचा, म्हणजे कॅथोड फॉलोअरचा, इम्पीडन्स ६०० ओहमच्या आसपास, त्याला ही केबल जाणवतही नाही. कॅथोडखाली १.५ किलोओहम आणि त्याखाली ४७ किलोओहम. ग्रिडचा (ट्रायोडच्या इनपुटचा) १ मेगओहम या दोघांच्या सांध्यावर. आधीच्या ३३०-१० किलोओहमच्या डिव्हायडरकडून ग्रिडला ०.०२२ मायक्रोफॅरड. कॅथोड ६० व्होल्टच्या आसपास बसतो. आधीच्या स्टेजच्या प्लेटला थेट जोडलेला फॉलोअर नकोच: तिथे कॅथोड १८० व्होल्टच्या वर जाऊ शकतो, आणि हिटर-कॅथोडमधली मर्यादा साधारण तेवढीच आहे.

सेंडच्या बाहेर ०.०२२ चालणार नाही. १० किलोओहम इनपुटच्या रॅक युनिटला तो ७२० हर्ट्झखालचा बास खातो. १ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्या, त्याच्यापुढे ग्राउंडला २२० किलोओहम. इथे पैसे वाचवू नका, कारण हा गळला तर पेडलमध्ये डीसी जातो.

रिटर्नमुळे फेज उलटते, म्हणून अ‍ॅम्प किंचाळेल ही भीतीही त्याच मेसेजच्या शेपटाला आहे. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटकडून मागे आणलेला सिग्नल) फेज इन्व्हर्टरपासून (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या स्टेजपासून) पुढे असतो आणि लूप त्याच्या आधी, त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायर अदलाबदल करू नका.

शॉकची भीती नाही? प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून १० सेकंद धरा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच सोल्डरिंग. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटच्या साध्या, तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड (बल्बमधून वीज अ‍ॅम्पला देणारा) वापरा: बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आता जॅक. रिटर्नला स्विचिंग जॅक लावा, म्हणजे पेडल नसताना सेंड आपोआप रिटर्नला जुळतो. दोन्ही जॅक चासीपासून इन्सुलेटेड असू द्या, नाहीतर हम येतो. खाडीकाठच्या दमट हवेत या स्विचचा संपर्क गंजतो: अ‍ॅम्प अचानक मंद होतो किंवा खरखरतो, आणि लोक ट्यूब बदलत बसतात. आधी सेंड-रिटर्नमध्ये छोटी पॅच कॉर्ड लावून बघा. आवाज परतला तर दोष जॅकचा. काँटॅक्ट क्लीनर मारा आणि प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा.