शेवटचा अंतरा गाळू नका

जय भीम मंडळी.

आज 15 मे. 2004 साली याच दिवशी भीमगीतं लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक आपल्यातून गेले. गेल्या महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर त्यांचं एक गाणं लागलं. पोरं बेभान नाचत होती, बघून बरं वाटलं. पण मुखडा झाला, एक अंतरा झाला आणि धाडकन दुसरंच गाणं सुरू. शेवटचा अंतरा आलाच नाही. तेव्हापासून हे मनात घोळतंय.

दादांची गाणी ज्यांनी गायलीत त्यांना माहीत आहे, शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' येतो. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येतं, तसाच. माणूस सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, जन्म 15 ऑगस्ट 1922. मुंबईत येऊन गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत खपला, चिक्कीसुद्धा विकली. अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिलं आणि वाचता येईना, याची लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग बाबासाहेबांच्या समता सैनिक दलात देहलवी मास्तरांकडून बाराखडी गिरवली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. त्यानंतर हजारो गाणी. (गाण्या-नाट्यातून प्रबोधन करणारे जलसेवाले भीमराव कर्डक वेगळे, वामनदादा वेगळे. आपलीच पोरं हल्ली गल्लत करतात, म्हणून सांगतो.)

गुरू म्हणून दादा मला फार मोठे वाटतात. त्यांनी शाळा काढली नाही. झोळी घेऊन गावोगाव फिरले, वस्तीत मिळेल त्या घरी उतरले, भाकरी खाल्ली, गाणं दिलं. चाल बहुतेक कानावरची, त्यामुळे ज्याच्याकडे एक पेटी आणि एक ढोलकी आहे त्या पोरालाही ते रातोरात बसवता यायचं. ना मानधनाचा करार, ना हक्काची भाषा. मनमाडचे प्रतापसिंग बोदडे त्यांना गुरू मानत आणि पुढे स्वतः मोठे कवी झाले. असे किती गायक, किती कोरसवाले तयार झाले, याची मोजदाद कोण करणार?

माझा मामा त्यातलाच. आमच्या गायन पार्टीचा मुख्य गायक तो, ढोलकीवर मी. त्याची लाल कापडात बांधलेली वही होती. नवीन पोरगा आला की मामा आधी त्याला गळा विचारायचा नाही. वही पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "लिहून घे. सगळं. नावासकट." गायन पार्ट्यांच्या सामन्यात वेळ संपत आली की बाकीच्या पार्ट्या मधले अंतरे घेऊन शेवट गुंडाळायच्या. मामा उलटं करायचा, मधला अंतरा सोडायचा पण शेवटचा सोडायचा नाही. "वामन" आलं की मला डोळ्यानं खूण, मी ढोलकी थांबवायचो, तो शब्द एकटा जायचा, आणि मग कोरस उचलायचा. त्या एका क्षणाला अख्खा मंडप गप्प व्हायचा. आजही तो थांबा माझ्या बोटांत आहे.

म्हणून राग येतो. किती कॅसेटवर, आता किती मोबाईलच्या गाण्यांवर दादांचं नाव नाही. काहींनी तर 'वामन'च्या जागी स्वतःचं नाव घुसवलं. ज्या माणसानं सगळं फुकट वाटलं, त्यानं बदल्यात तीन अक्षरं ठेवली होती. तीसुद्धा आपण खाल्ली. डीजेवर माझा आक्षेप नाही, पोरांनी नाचावं. पण गाणं वाजवायचंच तर पुरतं वाजवा, आणि वर्षातून एक रात्र तरी पेटी-ढोलकीवर गाऊन बघा.

मामा जाऊन चार वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे, पानं सुटायला लागलीत. विहारात दर रविवारी संध्याकाळी सहा-सात पोरं-पोरी बसतात, मी त्यांना लिहून घ्यायला लावतो. सातवीतली एक मुलगी फार सुरेल गाते. मागच्या रविवारी शेवटच्या अंतऱ्यापाशी आली, मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं माझ्याकडे बघून डोळ्यानं खूण केली. मी ढोलकी थांबवली.