डावाच ना?

पायाचं ऑपरेशन डॉक्टर करतात हा आपला एक गोड गैरसमज आहे. डॉक्टर येतात, कापतात, शिवतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी मिळून उरकतात, आणि त्यांच्या हिशोबात आपण बाई किंवा माणूस नसतोच, नुसता पाय असतो. "अठरा नंबरचा पाय खाली घ्या" हे मी स्वतःबद्दल स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

दुखणं म्हणाल तर अगदीच बिनरुबाबाचं. डाव्या पायाचा अंगठा वर्षानुवर्षं शेजारच्या बोटावर रेलत चाललेला आणि त्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात त्याला, चप्पल कुठलीही घ्या चावणार तिथेच. एका पावलात 26 हाडं असतात म्हणे, पंचवीस मुकाट्याने नांदतायत आणि एकाला वेगळं बिऱ्हाड करायचंय!

अॅडमिट झाल्या झाल्या सिस्टरने विचारलं, "पूर्ण नाव सांगा, कुठला पाय?" म्हटलं डावा. मग केस काढायला मावशी आल्या, कुठला पाय? डावा. मग आरएमओ म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, मग भूलतज्ज्ञ मॅडम, मग स्ट्रेचर ढकलणारे मामासुद्धा, "डावाच ना?" अहो पायावर मार्करने हा एवढा मोठा बाण काढलाय, फाइलीत लिहिलंय, तरी का? तर सिस्टर शांतपणे म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकावं लागतं." 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी चेकलिस्ट काढली, भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि ऑपरेशन थिएटरातून बाहेर नेण्याआधी सगळं मोठ्याने पडताळायचं, त्यातलंच हे. पद्धत उत्तमच आहे, पण इतक्यांदा विचारल्यावर माझाच धीर सुटला आणि मी पांघरुणाखाली दोन्ही अंगठे हलवून खात्री करून घेतली.

खरा तमाशा जोडव्यांचा झाला. अंगावर धातू चालत नाही, आत कॉटरी म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं हत्यार वापरतात, चटका बसू शकतो, शिवाय पाय सुजला की जोडवं रुतून बसतं. माझी लग्नापासून निघालेली नव्हती. साबण झाला, खोबरेल झालं, सासूबाई कोपऱ्यातून "काढायलाच हवीत का?" असं हवेला विचारत होत्या. शेवटी मावशींनी दोरा आणला, जोडव्याखालून एक टोक सरकवलं, बोटाला घट्ट वेढे दिले आणि टोक उलगडत उलगडत जोडवं गपकन बाहेर! वर सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "आजी, पाय सलामत तर जोडवी पचास." सासूबाई त्यानंतर थेट चहालाच गेल्या. भाचीच्या लग्नातलं नेलपेंटही मावशींनीच खरवडलं, कारण नखाचा रंग दिसायला हवा.

उपाशीपणाचं तर विचारूच नका. मॅडम सांगून गेल्या की जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत घोटभर चालेल. पण वॉर्डात राज्य मावशींचं, तिथे रात्री बाराला पाण्याचा जगच उचलला जातो.

ऑपरेशन कसं झालं मला विचारू नका, कमरेत इंजेक्शन दिलं आणि खालचा भाग दुसऱ्याच कुणाच्या नावावर झाला. वॉर्डात परत आल्यावर पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच, सूज उतरावी म्हणून. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन नख दाबायची, ते पांढरं पडायचं, सोडलं की दोनेक सेकंदात गुलाबी व्हायला हवं म्हणजे रक्त नीट पोचतंय. "बोटं हलवा. मुंग्या येतायत? बँडेज आवळतंय?" इथवर ठीक, पण नंतर नवऱ्याचे ऑफिसातले साहेब शहाळं घेऊन आलेले असताना दारातूनच खणखणीत, "ताई, लघवी झाली का?" कमरेतल्या भुलीनंतर ती अडू शकते म्हणून विचारावंच लागतं, मान्य, पण साहेब शहाळ्याकडेच बघत बसले बिचारे. मावशींनी त्यांना बाहेर काढलं, बेडपॅन दिला आणि बाथरूममधला नळ सोडला. त्या आवाजाने काम झालं. या उपायाला शास्त्राधार असो नसो, माझा त्यावर पूर्ण विश्वास बसलाय.

मग वॉकर घेऊन फिजिओवाली मुलगी आली, भार फक्त टाचेवर, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सोसायटीला लिफ्ट नसल्याने हा मंत्र मी तीन मजले मोठ्याने म्हणत चढले. डिस्चार्जच्या दिवशी इन्शुरन्सच्या मंजुरीची वाट बघण्यात जे गेलं त्यावर वेगळं पुराण लिहिता येईल, ते राहू दे.

एकच राहिलं होतं, अंगठ्यातून बाहेर डोकावणारी तार. के-वायर म्हणतात, काही आठवड्यांनी ड्रेसिंग रूममध्येच काढतात, बिनभुलीची. डॉक्टरांच्या हातात चक्क पक्कड बघून मी ब्रदरचा हात धरला. तो म्हणाला, "ताई, तिकडे बघू नका, साबुदाण्याची खिचडी कशी करता सांगा." मी डोळे मिटून सुरू केलं, साबुदाणा भिजवायचा, तूप, जिरं, मिरची, बटाट्याच्या फोडी…

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"थांबा सर," ब्रदर म्हणाला, "ताई, तुम्ही बटाटा उकडून घालता की कच्चा?"