नाटकाला गुण किती?

तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक आहात आणि चोरून मराठीत नाटकं लिहिता, असं कानावर आलं. घाबरू नका. व्यसन जुनं आहे आणि चांगल्या घरांतही शिरलेलं आहे. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या वासुदेवराव केळकरांनी शेक्सपिअरच्या कजाग नायिकेची 'त्राटिका' करून तिला मराठी रंगभूमीवर आणलं. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते आणि त्याच वर्षांत 'वाडा चिरेबंदी' लिहीत होते. मात्र ही नावं मुलाखतीत घेऊ नका. 'त्यांचा एपीआय (म्हणजे कामगिरीचे गुण) किती होता?' असं समितीतल्या कुणी विचारलं तर पंचाईत होईल.

सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, करा. (दुसरा पर्यायही नाही म्हणा.) सकाळी एका गावात 'कंपल्सरी'ची आर्टिकल्स, दुपारी दुसऱ्या गावात 'स्पेशल'चा हॅम्लेट, मधे एसटी. कामाचा हिशोब मिनिटावर, मानधनाचा सालावर. संघर्ष, विलंब आणि अन्याय हा नाटककाराचा सगळा कच्चा माल इथं घरपोच मिळतो. मुलं गाईडवर विसंबून असतात, त्यामुळे हॅम्लेट मराठीतूनच सांगावा लागतो : 'अरे, ह्याच्या काकानं ह्याच्या बापाच्या कानात विष ओतलं आणि राज्य, वाडा, वहिनी, सगळं आपल्याकडं करून घेतलं.' एवढं झालं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, 'सर, पण सातबाऱ्यावर काकाचं नाव लागलं कसं?' हा प्रश्न वहीत टिपून ठेवा. परीक्षेला येणार नाही, पण तुमच्या दुसऱ्या अंकाला कामी येईल.

पुढे कधीतरी कायम व्हाल. झालात की नाटक काही दिवस माळ्यावर टाका आणि यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, प्राध्यापक-भरतीच्या नियमांचं 2018 सालचं राजपत्र उशाशी घ्या. त्यातला गुणांचा तक्ता पाठ करा. कुठल्याही विनोदी नाटकाच्या तोंडात मारेल अशी ती संहिता आहे. थेट भरतीतून प्राध्यापकपद हवं असेल तर दहा वर्षांचा अनुभव, दहा प्रकाशनं आणि 120 गुण. मान्यताप्राप्त नियतकालिकात भाषा विषयातला एक शोधनिबंध छापून आला की 10 गुण. आता खरी गंमत पुढे आहे. तोच निबंध दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे 7 अधिक 7 चौदा. दोघांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना तीस-तीस. दहा जणांनी मिळून एक निबंध लिहिला तर 7 अधिक 27, एकूण 34! शकुनीमामाला फाशांऐवजी हा तक्ता दिला असता तर एवढं रामायण, म्हणजे महाभारत, घडलंच नसतं. सगळे कौरव सहलेखक झाले असते.

नाटक मात्र माणूस एकट्यानं लिहितो. इथंच तो गणितात मार खातो.

त्या तक्त्यात 'प्रयोग' नावाचा रकाना शोधू नका, डोळे दुखतील. नाटक छापून घेतलंत तर 'पुस्तक' या सदरात घुसवता येतं, प्रकाशक राष्ट्रीय दर्जाचा ठरला तर 10 गुणांची आशाही धरता येते. पण फाइल पाहणारा विचारतो, 'यात संशोधन कुठंय? संदर्भसूची कुठंय?' तिसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका घर सोडून जाते, तिच्या पाठोपाठ संदर्भसूची येत नाही, हा दोष तुमचाच. त्यापेक्षा शेजारच्या टेबलावरचा सहकारी पाहा. तो तुमच्याच नाटकातल्या स्त्री-प्रतिमांवर निबंध लिहील आणि 10 गुण घेऊन जाईल. माणूस सज्जन असेल तर तुम्हाला सहलेखक करील. स्वतःच्या नाटकावरच्या निबंधाचे सहलेखक म्हणून 7 गुण मिळतील. नाटकाचे मिळाले नव्हते, हे मनाला लावून घेऊ नका.

लिहायला वेळ कुठून काढायचा, असं तरुण मंडळी विचारतात. त्यांनी आगरकरांचा आदर्श ठेवावा. कोल्हापूर प्रकरणातल्या मानहानीच्या खटल्यात 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. तिथं आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतला, तो पुढल्या वर्षी 'विकारविलसित' म्हणून बाहेर आला. पुढं ते फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. प्राचार्य झाल्यावर हॅम्लेट सुचला असता का, हा प्रश्न मी विचारत नाही. पण 101 दिवसांत कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची एकही बैठक नाही, कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचा म्हणजे आयक्यूएसीचा फॉर्म नाही, कॅपला म्हणजे तपासणी केंद्रावर जाऊन पेपरांचे गठ्ठे तपासणं नाही, असं वातावरण हल्ली कुठल्या कॉलेजात मिळतं? तेव्हा जे काही लिहायचं ते परीक्षेच्या सुपरव्हिजनमध्ये लिहा. पुरवण्या हाताशी असतात.

तुम्ही नाटककार आहात हे कॉलेजला कळू देऊ नका, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. कळलं की सांस्कृतिक विभाग गळ्यात पडतो आणि तो निवृत्तीच्या नारळासोबतच उतरतो. मग तुमची प्रतिभा खऱ्या अर्थानं समाजाभिमुख होते. एनएसएसच्या शिबिरासाठी स्वच्छतेवर पथनाट्य. निवडणूक आली की मतदार जागृती. जूनमध्ये वृक्षारोपण, त्यात एक मुलगा झाड होतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही (त्याचं काम सगळ्यांत सरस होतं). गॅदरिंगला एक विनोदी, पण 'वावगं काही नको हं सर'. या सगळ्याचे फोटो मात्र नीट काढून घ्या, जिओटॅग करून. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटली नाही, तर प्रयोग झालाच नाही असं समजतात. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रस सांगितले, रेखांश राहून गेले.

आणि ज्या दिवशी संस्थेच्या संस्थापकांच्या जीवनावर दोन अंकी नाटक लिहायला सांगतील त्या दिवशी पेढे वाटा. असा प्रेक्षक पुन्हा मिळणार नाही. हजेरी सक्तीची, सही मस्टरवर, म्हणजे हाऊसफुल्ल. संस्थापकांची तरुणपणची भूमिका अध्यक्षांचा पुतण्या करील, त्याला नाही म्हणू नका. त्याला वाक्यं पाठ होत नाहीत, म्हणून संस्थापकांना अंतर्मुख दाखवा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते म्हणून लोक कुरकुरतात. मंडळ निदान संहिता वाचतं तरी. इथं अध्यक्षांच्या वाहनचालकानं 'साहेबांना आवडणार नाही' म्हटलं की अख्खा प्रवेश कापायचा. ही सगळी हकिकत नाटकात घालण्याचा मोह होईल. आवरा. प्राध्यापक, चौकशी समिती आणि तिचे प्रश्न हे सगळं गो. पु. देशपांड्यांनी 'उद्ध्वस्त धर्मशाळा'त लिहून ठेवलंय. तेही प्राध्यापकच होते, पण दिल्लीत आणि चीनविषयक अभ्यासाचे. अंतर हेही एक संरक्षण असतं.

आता गुणांची गुरुकिल्ली. तक्त्यात खाली एक ओळ आहे, घाईत वाचणाऱ्याला दिसत नाही : भाषांतरित पुस्तक, 8 गुण. म्हणजे तुम्ही नाटक स्वतः सुचून लिहिलंत तर वाद, आणि दुसऱ्याचं मराठीत आणलंत तर रोख आठ. आपल्या पूर्वजांनी नेमकं उलटं करून ठेवलं. देवलांनी ऑथेल्लोला 'झुंजारराव' केलं. 'संशयकल्लोळ' फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून फाल्गुनरावांच्या घरात असा शिरला, की प्रेक्षकाला तो सदाशिव पेठेतच जन्मल्यासारखा वाटावा. परक्याला घरचं करण्यात त्यांची हयात गेली. तुम्ही घरच्याला परकं करा. मुखपृष्ठावर 'अनुवाद' असं ठळक छापा. मूळ लेखकाचं नाव असं ठेवा की कुणी उच्चारायला धजू नये, म्हणजे त्याच्याविषयी कुणी विचारणारही नाही. देश पूर्व युरोपातला बरा. पात्रांची नावं मात्र बदलावी लागतील. सातबाऱ्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

एक अडचण येते. समिती म्हणते, मूळ संहितेची प्रत जोडा. इथं तुमचं शिक्षण कामी येतं, तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक आहात! उन्हाळ्याच्या सुट्टीत पंखा पाचवर ठेवा आणि आपलंच नाटक इंग्रजीत करून टाका, वर 'मूळ भाषेवरून इंग्रजी' असं लिहायला विसरू नका. फाइलला टॅग लावा, प्रत्येक पानावर सही करा, तीन झेरॉक्स काढा. समितीतले तज्ज्ञ दोन्ही प्रती शेजारी ठेवतील, चार पानं इकडची, चार तिकडची चाळतील, चष्मा काढतील आणि तुमच्याकडे बघून म्हणतील,

'मूळ लेखक काय ताकदीचा आहे हो! तुमच्या मराठीत मात्र ती मजा उतरलेली नाही.'