निळा पडदा निळाच असतो का?

एक मजकूर समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सुरुवातीला विनोद: कवीने लिहिलं, ‘पडदा निळा होता.’ शिक्षक म्हणाले, निळा रंग हे कवीच्या खोल दुःखाचं प्रतीक. कवी म्हणाला, अहो, पडदा निळा होता! त्याखाली चार ठाम विधानं. अलंकार म्हणजे भाषेवरची सजावट, उतरवली तरी अर्थ तोच. उपरोध म्हणजे मनात असेल त्याच्या उलट बोलणं. पुढचं आधीच कळलं की नाटकातली गंमत गेली. आणि वाचकाला लागेल तो अर्थ बरोबर. विनोदात तथ्य आहे, त्याकडे शेवटी येऊ. विधानं मात्र चारही चुकीची आहेत.

‘अलंकार म्हणजे सजावट’

ही पाच वाक्यं पाहा. शांतता भिंतीसारखी होती. शांतता जणू भिंतच होती. दोघांमध्ये शांततेची भिंत होती. ती शांतता नव्हती, भिंत होती. ही शांतता की भिंत?

उपमेय (शांतता) तेच, उपमानही (भिंत) तेच. पण उपमेत सांगणारा दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून शांत डोक्याने तुलना करतो. ‘जणू’ आलं की कल्पना धावू लागते. ती कल्पनाच आहे हे मात्र तो विसरलेला नसतो. रूपकात दोन्ही एक होतात आणि भिंतीचे बाकीचे गुणही पाठोपाठ आत येतात: ती कोणीतरी बांधलेली असते, पाडता येते, पलीकडचा माणूस दिसत नाही. चौथ्या वाक्यात, अपन्हुतीत, तर ‘शांतता’ हा शब्दच तो नाकारतो, म्हणजे आधी कोणीतरी तो वापरला होता आणि याला तो पटलेला नाही. शेवटच्या वाक्यात, ससंदेहात, त्याचा निर्णयच होत नाही. आता सजावट उतरवून ‘कोणी बोलत नव्हतं’ एवढंच लिहा. बातमी उरते, ती सांगणारा माणूस कुठे उभा आहे ते पुसलं जातं.

सरळ अर्थ अडला की त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं म्हणजे लक्षणा; ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे तिचं उदाहरण जुन्या संस्कृत ग्रंथांत ठरलेलं आहे. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो आणि प्रवाहालगतचा काठ असा अर्थ घ्यावा लागतो. इथवर सजावटवाल्यांचं बरोबर वाटेल. पण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट आपल्या ‘काव्यप्रकाशा’त पुढची अट घालतो: अशा वापरामागे रूढी तरी हवी, नाहीतर प्रयोजन. इथलं प्रयोजन म्हणजे गारवा आणि पावित्र्य. ‘गंगेच्या काठावर’ असं दुरुस्त करून लिहिलं की दोन्ही गेले, कारण काठ पाण्यापासून बराच दूरवर पसरलेला असू शकतो. गंमत अशी की क्वचित स्पष्ट अलंकार नसला तरी काव्य होतं, असं सांगणाराही हाच मम्मट. अलंकार सक्तीचा नाही, पण जिथे आहे तिथे तो काम करतो.

‘उपरोध म्हणजे उलट बोलणं’

सर्वांत जास्त घोळ इथे आहे. तासभर उशिरा आलेल्याला ‘वा, फार लवकर आलात!’ म्हटलं तर उपरोध होतो. मग तासभर आधी आलेल्याला ‘वा, किती उशीर केलात!’ म्हणून पाहा. वाक्य लंगडं पडतं. हा उशीरच करणार असं कोणी आधी म्हटलेलं असेल तरच ते उभं राहतं. नुसतं उलट बोलणं पुरेसं असतं तर दोन्ही वाक्यं सारखीच चालली असती. भाषेतला अर्थ कसा कळतो याचा अभ्यास करणारे डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन यांनी १९८१ मध्ये याचा उलगडा असा केला की उपरोधात बोलणारा एखाद्या अपेक्षेचा किंवा दुसऱ्याच्या बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकवतो आणि स्वतः त्यापासून अंतर राखतो. वेळेवर येण्याची अपेक्षा कायम हवेत असते, म्हणून पहिलं वाक्य लागलीच चालतं.

शिवाय शब्दशः खरं वाक्यही उपरोधिक असतं. पसाऱ्यात बसलेल्याला ‘मला नीटनेटकी माणसं आवडतात’ असं म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याचं वाक्य उलटं करून काहीच हाती लागत नाही.

जोनाथन स्विफ्टचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ (१७२९) हा उपरोधिक इंग्रजी निबंध या मोजपट्टीने वाचून पाहा. आयर्लंडच्या दारिद्र्यावर उपाय सुचवणारा एक सद्‌गृहस्थ हिशेब मांडतो: गरिबांघरी वर्षाला १,२०,००० मुलं जन्मतात, २०,००० पैदाशीसाठी राखावीत, उरलेली १,००,००० वर्षाची झाली की खाण्यासाठी विकावीत. याच्या उलट काय? मुलं खाऊ नका. तेवढं सांगायला निबंध कशाला हवा! खरा मारा हिशेबाच्या सुरावर आहे: माणसांना जनावरांसारखं मोजायची सवय तुम्हाला आधीच आहे, मी फक्त बेरीज पूर्ण केली. आणि देशाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी मालाचा वापर, कुळांबद्दल थोडी दया हे खरे उपाय कुठे आहेत? ते तो स्वतःच एकेक करून मोजतो आणि ‘हे मला सांगू नका’ म्हणून झटकतो. म्हणजे निबंधात लेखकाचा सरळ अर्थही हजर आहे, फक्त नकाराच्या डब्यात ठेवलेला.

हे साधलं नाही की काय होतं त्याचा नमुना इंग्रज लेखक डॅनिएल डिफो. १७०२ च्या निनावी पत्रकात त्याने अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांचा नायनाट करावा असं कट्टरांच्या आवाजात लिहिलं. तो स्वतः त्याच बाहेरच्यांपैकी होता. दोन्ही बाजूंनी ते खरं धरलं, आणि जुलै १७०३ मध्ये त्याला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभं राहावं लागलं. खरे कट्टर लेखक तसंच लिहीत असत; नक्कल इतकी हुबेहूब उतरली की फट कुठे राहिलीच नाही. उपरोधाला कुठेतरी फट लागते: नको तितका नेमका आकडा, विषयाला न शोभणारा सूर, किंवा वक्त्याने टाकून दिलेली एखादी शहाणी गोष्ट.

‘पुढचं कळलं की गंमत गेली’

प्राचीन ग्रीक नाटककार सॉफक्लीझच्या नाटकात राजा इडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो आणि म्हणतो, जणू माझ्याच वडिलांसाठी लढतोय असा मी लढेन. खुनी तोच, मेलेला राजा त्याचा बाप. प्रेक्षकांना ही कथा ठाऊक होती, म्हणूनच त्या ‘जणू’ने अंगावर काटा येतो. पात्राला ठाऊक नसलेलं प्रेक्षकाला ठाऊक असणं म्हणजे नाट्यगत उपरोध, आणि त्याचा हिशेब सोपा आहे: माहिती प्रेक्षकाला संवादाच्या आधी मिळाली पाहिजे. नंतर मिळाली तर तो धक्का, आणि आधीचे सगळे दुहेरी संवाद वाया.

‘लागेल तो अर्थ बरोबर’

हालाने संकलित केलेल्या गाथासप्तशतीतली, महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या आपल्या ग्रंथात घेतली आहे. एक स्त्री एका धार्मिकाला म्हणते: निर्धास्त फीर बाबा, तुला त्रास देणारं ते कुत्रं आज गोदेकाठच्या दाट झाडीतल्या मस्तवाल सिंहाने मारलं. शब्दांत परवानगी आहे. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाईल का? अर्थ ‘इकडे फिरकू नकोस’ असा. टीकाकार सांगतात, ती झाडी हे तिचं प्रियकराला भेटण्याचं ठिकाण. सरळ ‘येऊ नकोस’ म्हटलं असतं तर ‘का?’ हा प्रश्न आला असता. आडवळण इथे शोभेसाठी घेतलेलं नाही. त्याशिवाय तिचं काम होणारच नव्हतं.

आता या गाथेचा ‘ती प्राणिमित्र आहे’ असा अर्थ लागला तर? मम्मटाने तपासायच्या गोष्टींची यादीच दिली आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजातला चढउतार (काकू), वाक्य, त्याचा वाच्यार्थ, जवळ तिसरं कोणी आहे का, प्रसंग, स्थळ, काळ. प्राणिमित्राचा अर्थ ऐकणाऱ्याच्या भित्रेपणाशीच अडखळतो. आनंदवर्धन अशा सुचवलेल्या अर्थाला ध्वनी म्हणतो. महिमभट्ट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराला हा ध्वनी मान्य नव्हता, तो याला अनुमान, म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, म्हणे. पण वाद अर्थ कसा कळतो याचा होता. ‘ज्याला जो लागेल तो’ हा पर्याय त्या वादात कोणत्याच बाजूला नव्हता. एकाहून अधिक अर्थ टिकू शकतात. पण टिकावे लागतात.

आणि तो पडदा

शिक्षकाची चूक होऊ शकते, हे विनोदातलं तथ्य. प्रत्येक रंग प्रतीक नसतो, आणि निळा म्हणजे दुःख असा कोशही कुठे नसतो. म्हणून निळ्याच्या जागी हिरवा ठेवून बघावं. कुठेच काही हललं नाही तर कवी जिंकला. पण पडदा पुन्हा येत असेल, कोणी निघून गेल्यावरच ओढला जात असेल, खोलीतल्या इतर कुठल्याच वस्तूला रंग दिलेला नसेल, किंवा शेवटच्या ओळीत ‘पडदा आता निळा दिसत नव्हता’ असं आलं, तर ‘अहो, पडदा निळा होता’ म्हणणाऱ्या कवीला त्याचीच शेवटची ओळ वाचून दाखवावी.